कागदाची आंब्याची पानं

सव्वीस जानेवारीला शाळेतलं झेंडावंदन उरकून घरी आलो, जेवलो आणि माळ्यावरचं खोकं खाली काढलं. आत दोनशे पताका होत्या. संक्रांतीच्या आधीपासून रोज रात्री तासभर बसून कापलेल्या, सुतळीवर चिकटवलेल्या. खोकं उघडलं तर सुतळी एकीकडे आणि पताका एकीकडे. उंदरांनी नेमकी चिकटवलेली कड खाल्ली होती. मी कणकेची खळ लावली होती ना, तेवढीच पट्टी कुरतडून बाकीचा कागद त्यांनी तसाच टाकला होता.

खळीत मोरचूद घातलं की उंदीर, किडे लागत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण मोरचूद विषारी. माझ्यासोबत शेजारची तीन लेकरं बसायची चिकटवायला आणि त्यातलं धाकटं सारखं बोट चाटायचं. म्हणून मी ते घातलं नाही. आजही घालणार नाही. पण त्या दिवशी तो पसारा बघून मला फार वाईट वाटलं. लग्नाला तीन महिने राहिले होते.

लग्न माझ्या भाचीचं. ताईची थोरली. पुण्याला नोकरीला आहे, जावईही तिथलेच. दिवाळीत सोयरीक जमली, अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "मामा, मला व्हिंटेज लग्न करायचंय. गावाकडं, आज्जीच्या वाड्यात. आणि सगळं डेकोरेशन तुम्ही हातानं करायचं."

पाठोपाठ तिनं चाळीस-पन्नास फोटो पाठवले. गोणपाटाच्या पट्ट्यांवर शिवलेली लेस, काचेच्या बरण्यांत रानफुलं, जुन्या लाकडी फळीवर हातानं लिहिलेली नावं, पिवळे मंद दिवे. बावीस वर्षं चित्रकला शिकवतोय मी. चित्र बघितलं की बघणाऱ्याला त्यातलं काय आवडलं असेल ते शोधायची सवय आहे. त्या सगळ्या फोटोंत हात दिसत होता. कात्री जरा वाकडी गेलेली, टाका लहानमोठा पडलेला. पोरीला ते आवडलं होतं आणि ते आवडण्यासारखंच होतं. फक्त तो जुना काळ आमचा नव्हता. ती बरणी कुठल्यातरी परक्या आजीच्या फडताळातली, ती फळी तिकडच्या गोठ्यातली. आमच्या आज्जीचं लग्न कसं झालं होतं?

म्हणून मी औसा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो आणि आईला विचारलं.

आईचं लग्न मे १९७३ मधलं. १९७२ च्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. त्या लग्नाचा एकच फोटो आमच्याकडे आहे, काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. आई आणि बाबा पाटावर बसलेत, मागे दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. हा फोटो मी लहानपणापासून शेकडो वेळा बघितलाय. या खेपेला आई म्हणाली, "ती पानं कागदाची हायेत."

मला कळेनाच. फोटो डोळ्यांजवळ नेला. खरंच, शिरा सरळ रेषेत, सगळी पानं एका मापाची. काळ्या-पांढऱ्यात ती हिरवीगार खरी वाटायची. इतकी वर्षं मी फसलो होतो.

"त्या साली झाडाला पान कुठं होतं?" आई सांगू लागली. विहिरी आटल्या होत्या. जनावरं काही विकली, काही मेली. आई स्वतः वर्षभर सरकारी कामावर खडी वाहायला जायची. मजुरीसोबत सुकडी, म्हणजे धान्याच्या पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरी लालसर व्हायच्या आणि गार झाल्या की तुटायच्या. लग्नाचं जेवणही त्याच मिलोचं. मांडवाला डहाळे आणायचे तर देवकापुरत्या चार फांद्या कुठूनतरी शोधून आणल्या. दाराला तोरण बांधायला काही उरलं नाही. आईचे मामा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. ते लातूरहून हिरवा घोटीव कागद घेऊन आले आणि आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात बसून त्यांनी सव्वाशे पानं कापली. प्रत्येक पान मधोमध दुमडून शीर काढलेली.

मी हरखून गेलो. आई, हेच करू, म्हणालो. आज्जीच्या लग्नातलं तोरण नातीच्या लग्नात. कागदाची पानं, कागदाच्या पताका, सगळं १९७३ सारखं.

आई गप्प बसली. मग म्हणाली, "दुष्काळाची हौस कशाला करायलास रे? झाडाला पानं असताना कागदाची बांधतेत का कुणी? मामानं पानं कापली, कारण पानं नव्हती. असती तर तेनं कात्रीला हात लावला नसता."

या एका वाक्यानं माझा सगळा आराखडा बदलला. जुन्या पद्धतीचं म्हणजे जुन्याची नक्कल, असं मी धरून चाललो होतो. आईच्या लेखी जुनी पद्धत वेगळी होती. त्या वर्षी रानात, घरात, शेजारी जे आहे ते घ्यायचं आणि घरच्या माणसांनी बसून करायचं. मामांच्या हाताशी त्या साली कागद होता, म्हणून त्यांनी कागद कापला. मग यंदा आमच्या हाताशी काय आहे? मी वहीत लिहायला बसलो. मालदांडी ज्वारीची कणसं. करडईची काटेरी बोंडं, सुकली की तांबूस-पिवळी दिसतात. कडबा. तुराट्या. लातूरच्या आडतीतून गोणपाट हवं तेवढं. आईनं क्रोशानं विणलेले रुमाल, एक तर रेडिओवर घालायचा. चिनी मातीच्या लोणच्याच्या बरण्या सहा. भाचीच्या फोटोंतलं निम्म्याहून जास्त सामान आमच्याच घरात निघालं.

मग आईनं ट्रंक उघडली आणि लुगड्याच्या घडीतून बाबांचं बाशिंग काढलं.

आमच्याकडे लग्नानंतर बाशिंग टाकत नाहीत, घराच्या तुळईला बांधून ठेवतात. बाबांचं बाशिंग माजघरातल्या तुळईला वीस वर्षं होतं. लहानपणी मी खाली झोपून ते बघायचो. धूर बसून काळं पडलेलं, पण दारातून ऊन आलं की त्याची बेगड चमकायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. उकडत होतं म्हणून आम्ही अंगणात झोपलो होतो. म्हणून आज हे लिहितोय. किल्लारीकडे काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमचं गाव जरा लांब, त्यामुळे आमच्याकडे माणसं वाचली, घरं गेली. आमच्या भागातली घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवद. लाकडाच्या तुळयांवर दीड-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहतं, पण तो भार एकदा खाली आला की काही शिल्लक राहत नाही. आमचं माजघर पूर्ण बसलं. उरली ती पुढची ढाळज, म्हणजे दाराजवळची बसायची ओसरी, दिंडी दरवाजा आणि अंगण.

आठ दिवसांनी बाबा आणि चुलते ढिगारा उपसत होते, तेव्हा मोडलेल्या तुळईला हे बाशिंग बांधलेलंच निघालं. एक कोपरा चेंबलेला, बाकी धड. आईनं ते पदरानं पुसलं आणि ट्रंकेत ठेवलं. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या घरात राहायला गेलो, पत्र्याच्या घराला तुळई नसते. बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. ते बाशिंग मी ३२ वर्षांनी हातात घेतलं.

माझ्या तळहातावर ते इतकं हलकं वाटलं की मी ते निरखून बघायला लागलो. पुठ्ठ्याच्या पाठीवर भेंडाच्या पातळ चकत्या ओळीनं चिकटवलेल्या, त्यावर रंगीत कागदाची फुलं, कडेला बेगड, खाली मण्यांची झालर. भेंड म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या झाडाचा पांढरा गर, थर्माकोलसारखा हलका. पूर्वी जिनगर लोक त्याचीच बाशिंगं करायचे. मी लातुरात गंजगोलाईला गेलो. मध्ये देवीचं मंदिर आणि भोवतीनं सोळा रस्ते फुटतात, त्या प्रत्येक रस्त्यावर विचारलं. बेगड मिळाली, मणी मिळाले, भेंड कुणाकडेच नव्हतं. एका दुकानदारानं थर्माकोल वापरा म्हणून सांगितलं. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे आणि बंदी नसती तरी बाबांच्या बाशिंगाची प्रत मला थर्माकोलची करायची नव्हती.

उत्तर आमच्याच कडब्याच्या गंजीत होतं. लहानपणी आम्ही ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या करायचो. वाळलेलं धाट घ्यायचं, टणक साल सोलायची, आत पांढरा हलका गर. आम्ही पोरं त्यालाच भेंड म्हणायचो. गराची चाकं, गराचे बैल आणि सालीच्या बारीक काड्या खिळ्यांसारख्या टोचून सगळं जोडायचं. त्या सालीनं बोट असं कापतं की ब्लेड बरं. मराठवाड्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, बोटावर कुठंतरी ती खूण असेल.

फेब्रुवारीच्या शेवटी ज्वारी काढली. चुलत्यांच्या शेतातून मी दोन पेंढ्या कडबा आणला, सरळ आणि जाड धाटं निवडून. पंधरा दिवस सावलीत वाळवला. खोडकिडीनं पोखरलेलं धाट आतून लाल निघतं, ते मी आधी टाकून देत होतो. नंतर लक्षात आलं, ती लाल रेघ सुंदर दिसते. मग तीही जपून ठेवली. धारदार ब्लेडनं दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जाडीच्या चकत्या कापल्या. ओढून कापलं की गर दबत नाही, दाबून कापलं की चुरा होतो. काही चकत्या पांढऱ्याच ठेवल्या, काही हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळ्या केल्या. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की ते लालभडक होतं. कुंकू करायची जुनी रीत तीच. वाळल्यावर तो लाल थोडा विटकरी झाला. मला तो पहिल्यापेक्षा आवडला. नवरदेवाचं बाशिंग नऊ इंच रुंद आणि अकरा इंच उंच, बाबांच्या मापाचंच. नवरीचं त्याच्या निम्मं. दोन्हींना मिळून २१ दिवस लागले, शाळा सुटल्यावरचे.

आणि खळ. उंदरांनी पताका खाल्ल्या हे ऐकून आई म्हणाली, "कणकंची कशाला केलास? चिंचोक्याची करायची." घोंगडीला ताठरपणा यावा म्हणून धनगर चिंचोक्याची खळ देतात, ते मला माहीत होतं. कागदाला ती चालते हे माहीत नव्हतं. कुणाला करायची असेल तर रीत सांगतो. चिंचोके कढईत भाजायचे, वरचं तपकिरी टरफल तडकून सुटेपर्यंत. टरफल काढून आतले पांढरे दाणे रात्रभर भिजत घालायचे. सकाळी मिक्सरला अगदी बारीक वाटायचे, पाच-सहा पट पाणी घालून मंद आचेवर शिजवायचे आणि हात थांबू द्यायचा नाही, नाहीतर गाठी होतात. पांढरट पाणी हळूहळू पारदर्शक, चिकट होतं. झालं. दोन दिवसांत संपवायची, जास्त दिवस टिकत नाही. पकड कणकेच्या खळीपेक्षा पक्की आहे. उंदरांपासून ती वाचवते असं मी म्हणणार नाही, कारण या वेळी मी पताका खोक्यात ठेवल्याच नाहीत, खोलीभर आडव्या दोऱ्यांवर टांगून ठेवल्या. मार्च-एप्रिल आम्ही वाकून चाललो घरात.

पताकांचा हिशेब मांडून ठेवला होता, तो इथं देतो. एका तावात पाच इंच रुंद, दहा इंच लांब अशा बारा पताका निघतात. दोन पताकांत दोन इंच मोकळे सोडले तर २४ फुटांच्या एका ओळीला ४१ लागतात. अंगणावर १६ ओळी, म्हणजे ६५६ पताका आणि ५५ ताव. रंग तीनच घेतले, गुलाबी, पिवळा, पांढरा. सगळेच रंग घेतले की डोळा कुठंच थांबत नाही. हे मी मुलांना दरवर्षी सांगतो.

गोणपाट, बरण्या, रुमाल यांचं फार लिहीत नाही. ते सोपं होतं. रेडिओवरचा रुमाल रुखवताच्या टेबलावर अंथरला आणि आईनं येणाऱ्या प्रत्येक बाईला तो कोणत्या साली विणला ते सांगितलं.

अंतरपाटाचं मात्र सांगायला पाहिजे. भाचीला त्याला लेस हवी होती. मी म्हटलं, आधी कापड तर बघ. देशाच्या राष्ट्रध्वजाचं खादीचं कापड जिथं तयार होतं त्या मोजक्या ठिकाणांत आपलं नांदेड आहे. नांदेडच्या खादी भांडारातून मी अडीच मीटर पांढरी जाड खादी आणली. ती तिला दाखवली तेव्हा लेसचा विषय तिनंच सोडला. त्यावर कुंकवानं स्वस्तिक काढायचं आणि भोवती ज्वारीच्या कणसांची वेल. पहिल्यांदा कुंकू पाण्यात कालवलं आणि ते खादीत पसरलं, स्वस्तिकाचा लाल ढग झाला. मग बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्या दाट पाण्यात कुंकू कालवलं, ब्रश जवळजवळ कोरडा करून मारला. रेषा जागच्या जागी राहिली. वेल गेरूनं काढली. मुहूर्ताच्या वेळी मी तिच्यामागे मामा म्हणून उभा होतो. मंगलाष्टकं चालू होती आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन हातांवर ती वेल. एक कणीस जरा झुकलेलं राहिलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

ढाळजेच्या भिंतीचं काम लग्नाच्या आधीच्या आठवड्यात केलं. भिंत शेणामातीनं सारवून घेतली, त्यावर गेरूचा पट्टा आणि पट्ट्यावर चुन्यानं दाराच्या दोन्ही बाजूंना दोन पोपट, वर गणपती, खाली शुभविवाह. चुन्याचं काम करताना धीर लागतो. ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही. आपण अंदाजानं रेघ ओढत जायचं. वाळला की पांढराशुभ्र उमटतो. शेजारचं ते धाकटं पोरगं माझ्या मागे उभं राहून विचारत होतं, "सर, तुम्ही काय काढायलाव? काहीच दिसंना." जेवून परत आलो तर ते तिथंच उभं होतं आणि भिंतीवर पोपट आले होते.

कागदाची पानं मी मनातून काढून टाकली होती. दाराला खरी आंब्याची पानं बांधायची, हे ठरलंच होतं. चार दिवस राहिले असताना, संध्याकाळी मी उरलेले ताव गुंडाळत होतो. आई आली, बसली, म्हणाली, "दे इकडं ती कात्री." माझ्याकडे हिरवा ताव एकच होता. तिनं तो आधी उभा दुमडला, मग आडवा, मग पुन्हा उभा आणि एकाच कापात चार पानं काढली. मग प्रत्येक पान मांडीवर ठेवून नखानं शीर दाबली. ५२ वर्षांपूर्वी ती मामांच्या शेजारी बसून बघत होती, हळदीच्या अंगानं. तिला झोप आता म्हणून सगळे सांगत होते आणि ती उठली नव्हती. हे तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं. एका तावाची पानं झाली तेवढी झाली. मी आणखी कागद आणतो म्हणालो, तर म्हणाली, "बास. येवढीच."

ती पानं आम्ही पाटाच्या मागे बांधली, फोटोत येतील अशी.

लग्नाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. डहाळे बैलगाडीतून आणले. गावात आता बैलजोड्या चारच राहिल्यात, त्यातली एक मिळाली. कणसांच्या तोरणावर सकाळपासून चिमण्या. करवल्या त्यांना हाकलायला लागल्या तर आईनं त्यांना गप्प बसवलं. पूर्वी ओसरीला कणसं टांगायचे ते चिमण्यांसाठीच, म्हणाली. दुपारपर्यंत निम्मं तोरण रिकामं झालं. जावयांनी बाशिंग बांधलं तेव्हा मी दोरा मागून गाठवत होतो आणि आई समोर उभी होती. ती काही बोलली नाही. तिनं फक्त बाशिंगाच्या झालरीतला गुंतलेला एक मणी बोटानं सोडवला.

वरात गेली. पताका आम्ही सोडवून ठेवल्यात, श्रावणात शेजारच्या पोराचं जावळ आहे.

परवा भाचीचा मेसेज आला. पुण्याच्या फ्लॅटला तुळई नाही, बाशिंगं कुठं बांधायची म्हणून तिनं सासूबाईंना विचारलं, त्यांनाही सुचेना. शेवटी दोघींनी हॉलमधल्या पडद्याच्या दांड्याला बांधली. सोबत फोटो. मी आईला मोबाइल दाखवला. तिनं चष्मा लावला, फोटो मोठा करायला लावला आणि बराच वेळ बघून म्हणाली, "गाठ सैल हाय. सुटंल. तू जाशील तवा नीट बांधून ये."

पुढच्या रविवारी निघतोय. सुती दोरा पिशवीत टाकलाय.